विश्वस्त म्हणजे मालक नव्हे

श्रोतेहो, समजा, सांगोल्याकडच्या एखाद्या आजोबांनी वाचनालयासाठी गावठाणातली जागा दिली. दिली ती तोंडी; साक्षीला देव! आजोबा गेले आणि नातू म्हणू लागला, "जागा आमची." मग वाचनालयाने जायचे कोठे?

यासाठी ट्रस्ट, म्हणजे न्यास करावा. त्यात विश्वस्त हा राखणदार, मालक नव्हे. जागेचे दानपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. आपल्या राज्याचा सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा. त्याप्रमाणे न्यास झाल्यावर ३ महिन्यांत धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज करायचा. आपले कार्यालय सोलापूरला आहे. विश्वस्त बदलला, तर ९० दिवसांत कळवायचे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून जागा विकता येत नाही.

आता वकील कसा पाहावा? नुसता कोर्ट दणाणून सोडणारा नको. त्यांना सरळ विचारा: धर्मादायची कामे केलीत का? न्यासपत्र मराठीत समजावून द्याल ना? फी किती, पावती मिळेल का? आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका, मंडळी.

दान मनापासून द्यावे. पण कागदावर पक्के करावे. तरच पुढच्या पोरांच्या हाती पुस्तक पडेल.