फ्रीडम आणि लिबर्टी



इंग्रजींतील फ्रीडम व लिबर्टी हे दोन शब्द मराठींत आणावयाचे झाले कीं, आपली लेखणी दोहोंसाठीं 'स्वातंत्र्य' असा एकच शब्द लिहून मोकळी होते. नित्याच्या व्यवहारांत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु हे दोन शब्द सर्वस्वीं एकच असते, तर त्यांच्यामधील अंतरावर एका माणसाची तुरुंगांतून सुटका अवलंबून राहिली नसती. ती हकीकत पुढें येईलच. आधीं शब्दांचीं घराणीं पाहूं.

फ्रीडम हा इंग्रजीच्या घरचा, जर्मानिक कुळांतला शब्द. त्यांतील 'फ्री' आणि आपला 'प्रिय' हे एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत, आणि मित्रवाचक 'फ्रेंड' हा त्यांचाच भाऊबंद. जो घरचा, मायेचा, तो मोकळा. जो दास, तो परका. अशी ती जुनी कल्पना, असें भाषापंडित सांगतात. लिबर्टी हा शब्द लॅटिनमधला. तो फ्रेंचच्या वाटेनें, १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळांत तिकडे पोंचला. त्याच्या मुळाशीं असलेल्या 'लिबेर' म्हणजे मोकळा या शब्दाचें अनेकवचन लॅटिनमध्यें 'मुलेंबाळें' या अर्थींही योजीत. एका घरांतील दास आणि घरचीं माणसें यांचा भेद दोन निरनिराळ्या भाषांनीं असा सारखाच टिपावा, हें मला तरी मोठें विलक्षण वाटतें.

इंग्लंडांत आल्यावर मात्र लिबर्टीनें दरबारी वळण घेतलें. राजाकडून नगरांना, उमरावांना, धर्मपीठांना ज्या सवलती मिळत त्यांना 'लिबर्टीज' म्हणत. १२१५ ची मॅग्ना कार्टा ही अशाच लिबर्टीजची सनद होय. असा खास अधिकार चाले त्या मुलखालाही तेंच नांव पडे. थेम्सच्या दक्षिण तीरावर 'लिबर्टी ऑफ द क्लिंक' नांवाचा असा एक भाग होता. लंडन नगराच्या अधिकाऱ्यांचा हुकूम तेथें चालत नसे, आणि शेक्सपियरचें ग्लोब नाटकगृह नेमकें तेथेंच उभें होतें!

या शब्दाला परवानगीचा वास अजून आहे. 'मी बोलण्यास अ‍ॅट लिबर्टी नाहीं,' असें मुत्सद्दी सांगतो, म्हणजे त्याला तशी मुभा नसते. मुभेची सीमा कोणी ओलांडली, कीं त्यानें 'लिबर्टी घेतली' असें म्हणतात. फाजील सलगी केली, हा त्याचा अर्थ. फ्रीडम असें कोणी 'घेत' नाहीं. उलट फ्रीडमला 'फ्रॉम' या अव्ययाची सोबत फार आवडते. ६ जानेवारी १९४१ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं चार फ्रीडम्स सांगितल्या : भाषणाची, उपासनेची, विवंचनेपासून आणि भयापासून. पहिल्या दोन कांहीं करण्याच्या, उरलेल्या दोन कशापासून तरी सुटण्याच्या. भयापासून 'लिबर्टी', असें इंग्रज सहसा म्हणणार नाहीं.

आतां ती हकीकत. डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिनें १९४८ च्या मसुद्यांत, जीविताच्या हक्काशेजारीं असलेल्या 'लिबर्टी' या शब्दाला 'पर्सनल' हें विशेषण जोडलें. कारणही टीपेंत दिलें. नुसता लिबर्टी हा शब्द ठेवल्यास त्याचा अर्थ इतका फैलावेल कीं, भाषण, सभा, संचार इत्यादि ज्या फ्रीडम्स दुसऱ्या कलमांत आधींच आल्या आहेत, त्याही त्यांत शिरतील, अशी समितीला शंका होती. संविधान अमलांत आलें त्याच वर्षीं याची कसोटी लागली. मलबारचे कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन मद्रासेंत स्थानबद्ध होते. स्थानबद्धतेनें आपली संचाराची फ्रीडमही जाते, सबब त्या कलमाची कसोटी या कायद्यास लावावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९ मे १९५० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ठरविलें कीं, १९ व्या कलमांतील फ्रीडम्स वेगळ्या आणि २१ व्या कलमांतील पर्सनल लिबर्टी वेगळी. गोपालन यांची सुटका झाली नाहीं. न्यायमूर्ति फजल अली यांनीं भिन्न मत नोंदविलें, आणि पुढें १९७८ सालीं, मनेका गांधी यांच्या जप्त केलेल्या पारपत्राच्या खटल्यांत, न्यायालयानें ती मधली भिंत काढून टाकली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत ती किती जणांना आड आली असेल!

संविधानाच्या मराठी प्रतींत १९ व्या कलमांतही 'स्वातंत्र्य' आहे आणि २१ व्यांतही 'व्यक्तिगत स्वातंत्र्य'च आहे. केवळ तेवढीच प्रत वाचणाऱ्यास हा सारा वाद कशाचा, हें उमगण्यास मार्ग नाहीं. लिबर्टीला 'मोकळीक' किंवा 'मुभा' म्हणा, असें कोणी सुचवील. पण मुभा म्हटली कीं ती देणारा कोणीतरी वर बसलेला असतो, आणि नागरिकाचा मूलभूत हक्क तर कोणाची मेहेरबानी नव्हे. 'मोकळीक' शब्द गोड खरा, पण न्यायासनासमोर तो फार घरगुती वाटतो. याहून बरा शब्द सांपडेपर्यंत मराठी प्रतीच्या समासांत मूळ इंग्रजी शब्द पेन्सिलीनें लिहून ठेवावा, असें मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगत असतों.