बाहेर पडताना बिघडणारे चित्र

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांचा निरोप आला तेव्हा मी त्यांना म्हणालो की शिक्षणावर बोलायला माझ्यापेक्षा शिकलेली माणसे नागपुरात पुष्कळ आहेत. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही शिक्षणावर बोलूच नका, तुमच्या कामावर बोला. आमची निम्मी मुले मोबाईलवर व्हिडिओ जोडत बसतात आणि पालक म्हणतात की पोरे वाया चालली." तेव्हा आज मी माझ्या कामावर, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगवर बोलणार आहे. त्यातही एकाच अडचणीवर बोलेन. एडिटिंग करताना पडद्यावर सगळे ठीक दिसते, पण एक्स्पोर्ट करून फाईल बाहेर काढली की तिच्यात रेषा येतात, चौकोन येतात, चेहरे फिके पडतात, मध्येच हिरवा पडदा चमकून जातो. असे का होते आणि अशा वेळी काय करावे, एवढाच आजचा विषय. आपल्या समाजात चित्रण करावे की करू नये याविषयी मतभेद आहेत. तो वाद मी येथे काढत नाही. वडीलधाऱ्यांच्या मताचा मला आदर आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. आपण एडिटिंग करीत असतो तेव्हा फिल्म तयार होत नसते. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो तशा आपण फक्त खुणा करतो: येथून येथपर्यंत घे, येथे रंग वाढव, येथे नाव टाक. खरी कापणी आणि शिलाई एक्स्पोर्टच्या वेळी होते. संगणक मूळ फाईल उघडतो, प्रत्येक चित्र पुन्हा घडवतो आणि दाबून लहान फाईलमध्ये बसवतो. म्हणून दोष तीन ठिकाणी असू शकतो. तो मूळ चित्रणात असेल, संगणकाच्या कामात असेल किंवा दाबून बसवण्यात असेल. आपल्या मोमीनपुऱ्यात आणि कामठीत अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कापडात खोट दिसली की विणकर आधी पाहतो, ती ताण्यात आहे, बाण्यात आहे की मागात आहे. न पाहता माग खोलून बसणाऱ्याला शहाणा कोणी म्हणत नाही.

मुले मात्र नेमके तेच करतात. चित्र बिघडले की सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, नाहीतर वडिलांकडे नवा संगणक मागतात. माझा क्रम साधा आहे. बिघडलेली फाईल आधी दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि दुसऱ्या यंत्रावर लावून पाहा. कित्येकदा फाईल चांगली असते, दाखवणारेच नीट दाखवत नसते. मग त्याच जागेचे मूळ चित्रण उघडून पाहा. तेही स्वच्छ असेल तर बिघडलेल्या जागेचे दहा सेकंद पुन्हा एक्स्पोर्ट करा. दोष त्याच जागी आला तर तो त्या क्लिपचा किंवा तिच्यावर लावलेल्या इफेक्टचा आहे. दोष जागा बदलत असेल, आज येथे तर उद्या तेथे, तर तो यंत्राचा: ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, मेमरी किंवा उष्णता. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत दुपारी बाराला लावलेली फाईल हिरवे चौकोन घेऊन आली आणि तीच रात्री बाराला लावली तर स्वच्छ निघाली, असे मी स्वतः पाहिले आहे. अशा वेळी ग्राफिक्स कार्डाची मदत बंद करून फक्त सॉफ्टवेअरवर एक्स्पोर्ट करावे. वेळ तिप्पट लागेल, पण दोष कोठे आहे ते कळेल. जुनी कॅशे फाईल पुसून टाकणे हाही चांगला उपाय आहे, तिने मूळ चित्रणाला धक्का लागत नाही. दोन क्लिपांच्या मध्ये एका फ्रेमची फट राहिली की तेथे काळे चमकून जाते. तो मात्र आपल्या हाताचा दोष, संगणकाला बोल लावू नये.

मोबाईलच्या चित्रणाची एक वेगळी खोड आहे. कॅमेरा सेकंदाला ठरलेली २५ चित्रे घेतो. मोबाईल उजेड पाहून कधी ३० घेतो, कधी २७, कधी २४. एडिटिंगमध्ये ती जुळत नाहीत, म्हणून चित्र अडखळते आणि पाऊण तासाच्या भाषणात आवाज ओठांच्या पुढे निघून जातो. अशी फाईल आधी स्थिर गतीच्या फाईलमध्ये बदलून घ्यावी आणि मगच कापावी. दुसरा दोष ट्यूबलाईटचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/६० वर असेल तर चित्रावरून काळे पट्टे सरकत जातात. मुले हा एक्स्पोर्टचा दोष समजतात. तो चित्रणातच आलेला असतो आणि नंतर धड निघत नाही. शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे, बस्स.

चौकोनांचे कारण बहुधा कंजुषी असते. २००३ साली मंजूर झालेली एच.२६४ ही पद्धत आज जवळजवळ सर्वत्र चालते. ती चित्राचे लहान चौकोन पाडते आणि मागच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच लिहून ठेवते. वक्ता स्थिर उभा असेल तर थोड्यात भागते. दुल्ह्यावर फुले उधळली की प्रत्येक पाकळी बदलते, लिहायला जागा पुरत नाही आणि चौकोन उघडे पडतात. पूर्ण एचडी चित्राला यूट्यूबने सेकंदाला ८ मेगाबिट सुचवलेले आहेत. मुले फाईल लहान व्हावी म्हणून २ वर आणतात आणि वर ती व्हॉट्सॲपवर पाठवतात, तेथे ती आणखी दाबली जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चेहरे फिके पडण्याचे कारण निराळे आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या काही ठिकाणी ० ते २५५ मोजतात, काही ठिकाणी १६ ते २३५. एकाने एक माप धरले आणि दुसऱ्याने दुसरे, तर काळी शेरवानी राखाडी होते.

आता मालेगावकडे वळतो, कारण मालेगावशिवाय हा विषय आपल्यापुरता तरी पूर्ण होत नाही. नाशिक जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव आपल्याला ठाऊक आहे. तेथे व्हिडिओ हॉल चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता, संकलन व्हीसीआरवर केले. एका व्हीसीआरवर चित्र चालवायचे आणि दुसऱ्यावर हवे तेवढे उतरवायचे. ज्यांनी हे केले आहे त्यांना ठाऊक आहे की प्रत्येक जोडावर चित्र हलते, वर सरकते, क्षणभर फाटते, कारण फिरती टेप एकदम स्थिर गतीला येत नाही. शिवाय कॉपीची कॉपी काढली की रंग वाहू लागतात. आज आपण ज्याला ग्लिच म्हणतो तो तेथे प्रत्येक जोडावर ठरलेला होता आणि तरीही गावाने तो चित्रपट डोक्यावर घेतला.

पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन काढला. त्याची भूमिका यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक यांनी केली. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. सुपरमॅन उडवायचा तर मागे हिरवे कापड लावावे लागते आणि तो हिरवा रंग संगणकाने काढून त्या जागी आकाश टाकावे लागते. आमच्या मुलांनाही त्याची हौस आहे. मग एक्स्पोर्टनंतर केसांभोवती हिरवी कड दिसते आणि खांद्याला पायऱ्या पडतात. कारण ऐका: साध्या कॅमेऱ्यात आणि मोबाईलमध्ये उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची होते, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकच. डोळ्याला ते कळत नाही, पण हिरवा काढणाऱ्या संगणकाला कड जाडीभरडी दिसते. कापडाच्या सुरकुत्या इस्त्रीने काढा, त्यावर सारखा उजेड पाडा आणि माणसाला कापडापासून पाच-सहा फूट पुढे उभा करा. निम्मे काम तेथेच होते.

आपल्या मुलांना एक दोष असा येतो की त्याचे उत्तर इंग्रजी पुस्तकांत सहज सापडत नाही. तो अक्षरांचा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि तिचे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला हे सांगितले नाही तर ते प्रत्येक अक्षर सुटे आणि उलट क्रमाने ठेवते. मराठीतही 'विद्यार्थी' लिहिले की वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षर फुटते. एकदा गुणवंत मुलींची नावे मी घाईने उर्दूत टाकली. पडद्यावर नावे आली, टाळ्या झाल्या आणि मागे बसलेल्या एका गृहस्थांनी उठून शांतपणे विचारले, "भाई, यात माझ्या मुलीचे नाव कोणते?" तिने वर्षभर अभ्यास केला होता आणि बापाला पडद्यावर तिचे नाव वाचता आले नाही.

प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरच्या प्राधान्यक्रमात दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेच्या लिप्यांसाठी वेगळा पर्याय असतो. तो निवडून शीर्षक नव्याने करून पाहावे. इनपेजच्या जुन्या आवृत्तीतला मजकूर तसाच चिकटवला तर कचरा उमटतो, कारण त्याचे संकेत युनिकोडचे नाहीत. मराठीच्या जुन्या फॉन्टांचेही तेच. काहीच जमले नाही तर नाव दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक चित्र म्हणून आणावे, ते कोणत्याही यंत्रावर फुटत नाही. आणि शेवटी ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्यावे. हे काम घरातली दादी-नानीही करू शकते.

आता माझी एक चूक सांगतो. २००३ च्या सुमारास मी एका घरचे लग्न मिनी डीव्ही टेपवर चित्रित केले. त्या वेळच्या आपल्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत: एकदा सम ओळी, एकदा विषम ओळी, म्हणजे ५० अर्धी चित्रे. संगणकावर ती क्रमाने न बसवता एकत्र केली की हलत्या वस्तूच्या कडांना कंगव्याचे दात येतात. ते दात मला दिसले. घाई होती, सीझन होता. दोष शोधण्याऐवजी मी दोन्ही अर्धी चित्रे एकमेकांत मिसळून टाकणारा पर्याय दाबला. दात गेले. मग व्हीसीडी काढली, म्हणजे ७२० बाय ५७६ चे चित्र ३५२ बाय २८८ वर आणले. घरच्यांना सीडी दिली, त्यांनी पैसे दिले आणि टेप पुसून मी पुढच्या लग्नाला वापरली. तेव्हा सगळेच तसे करीत.

काही वर्षांनी ती मुलगी माझ्याकडे आली. तिचे वालिद वारले होते. रुखसतीच्या वेळी त्यांनी तिच्या डोक्यावर कुरआन शरीफ धरला होता आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा थोपटला होता, तेवढाच भाग तिला स्वच्छ हवा होता. मी सीडी लावली. वालिदांचा हात जेथे जेथे हलतो तेथे दोन हात दिसतात, दोन्ही पुसट. तिने विचारले, "चाचा, मूळ टेप असेल ना?" मूळ टेपवर कोणा दुसऱ्याचा वलीमा होता. त्या भागावर मी चार रात्री बसलो. मिसळलेले दूध-पाणी वेगळे होत नाही. आजच्या नव्या सॉफ्टवेअरने चेहरा धारदार करून दिला, पण तो चेहरा त्यांचा राहिला नाही, दुसऱ्याच कोणाचा झाला. मी तो तिला दिला नाही, जुनाच भाग पुन्हा उतरवून दिला.

पालकहो, तुमच्या कपाटांत अशा कॅसेटी असतील. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कारखान्याने २०१६ साली उत्पादन थांबवले, चालू यंत्रे कमी होत चालली आहेत आणि टेपला ओल धरते. त्या उतरवून घ्या. उतरवणाऱ्याला सांगा की ५० अर्धी चित्रे जशीच्या तशी ठेव, काही मिसळू नको, आकार लहान करू नको, मोठी फाईल झाली तरी चालेल. पाहण्यासाठी लहान फाईल वेगळी काढता येते.

माझ्याकडे एक चांगला व्हीसीआर अजून चालतो. येत्या दोन रविवारी सकाळी दहापासून मी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत बसणार आहे. नववी-दहावीच्या ज्या मुलांना शिकायचे आहे त्यांनी यावे, कॅसेटी त्यांच्याच हाताने उतरवू. आणताना प्रत्येक कॅसेटवर घराचे नाव आणि साल लिहून आणा, बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, आधी मला दाखवा. आणि काम झाले की मूळ कॅसेट घरी परत घेऊन जा, माझ्याकडे ठेवू नका.