नकाशाचा तास



 संमेलनाध्यक्ष म्हणून ओरिएंटियरिंगचा, म्हणजे नकाशावरून वाट शोधत ठरावीक ठिकाणं गाठण्याच्या खेळाचा, आढावा घ्या, असं संयोजकांचं सांगणं आहे. पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. १९१९ मध्ये स्वीडनच्या एर्न्स्ट किलांडर यांनी खेळाला आजचं वळण दिलं. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. आढावा एवढ्यावर थांबवतो, कारण मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि ती बरीच वर्षं मनात साठली आहे.

आपल्या शिबिरांत दोर, गाठी, रॅपलिंग यांना सकाळची ताजी वेळ मिळते. नकाशाचा तास जेवणानंतर. बस उशिरा पोचली की पहिली कात्री त्यालाच. एका संयोजकाने मला तोंडावर सांगितलं होतं, "सर, वाटेवर बाण रंगवलेत की! नकाशा कशाला?" तो बाण माझ्या मनात अजून रुतलेला आहे. आणि तास झालाच तर आपण शिकवतो होकायंत्र. समोच्चरेषा, म्हणजे डोंगराचा खरा आकार, तशाच राहतात.

सकाळच्या परिसंवादात 'मोबाइल की होकायंत्र' यावर जोरदार खडाजंगी झाली. मी तोरणा-राजगडच्या धारेवरचा अनुभव सांगतो. भर पावसाळा, दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. पुढच्या मुलाच्या मोबाइलवर ठिपका बरोबर रेघेवर होता. होकायंत्रही दिशा ठीक दाखवत होतं. तरी आम्ही एका सोंडेवरून खाली चाललो होतो. सोंड धारेपासून फुटते तिथे दोघींमधलं अंतर इतकं थोडं असतं की मोबाइलच्या चुकीतच ते जिरून जातं. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आपण जास्त उतरलोय. पुढची खिंड एवढी खोल नाही." तिच्या हातात घडी घातलेला नकाशा होता आणि अंगठा शेवटच्या ओळखलेल्या उंचवट्यावर. तिने रेषा मोजल्या होत्या. आम्ही वर चढलो आणि धार सापडली. वादाचा निकाल माझ्यापुरता त्या दिवशी लागला. आकार ज्याच्या डोक्यात आहे, त्याला दोन्ही यंत्रं उपयोगी. ज्याच्या डोक्यात नाही, त्याला दोन्ही फसवतात.

चांगला खेळाडू नेमकं हेच करतो. अंगठा नकाशावरून उचलत नाही. पुढे काय दिसायला हवं ते आधीच मनाशी म्हणतो: आता नाळ, मग पठाराची कड, मग खिंड. चौकी, म्हणजे स्पर्धेत गाठायचं ठिकाण, झुडपात दडलेली असेल तर थेट तिच्यामागे धावत नाही; आधी जवळची ठळक खूण गाठतो आणि तिथून मोजून जातो. यात जादू कसली? सवय आहे, आणि ती घराजवळच्या टेकडीवरही लागते.

आता नकाशांबद्दल. किनाऱ्यालगतच्या साधारण ८० किलोमीटर पट्ट्यातली टोपोशीट्स, म्हणजे सरकारी भूनकाशे, वर्षानुवर्षं सामान्य माणसाला मिळत नव्हती, आणि आपला सह्याद्री बहुतेक त्याच पट्ट्यात! २०२१ च्या नव्या धोरणाने दारं बरीच उघडली. पण १:५०,००० च्या त्या शीटवर दोन समोच्चरेषांमध्ये उंचीचं २० मीटरचं अंतर असतं. सह्याद्रीतला १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे सहज नाहीसा होतो, आणि माणूस मरायला तेवढा कडा पुरतो. ओरिएंटियरिंगच्या नकाशावर हे अंतर सहसा ५ मीटर असतं आणि प्रमाण १:१५,००० किंवा १:१०,०००. तसे नकाशे आपण आपल्या डोंगरांचे का काढू नयेत?

सुरुवात एका टेकडीपासून करू. कोणती टेकडी, पैसा कुठून, वनखात्याची परवानगी कशी, हे कार्यकारिणी आणि तरुण मंडळींनी बसून ठरवावं. माझी मागणी तातडीची आहे. उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नकाशाचा तास दुपारी अडीचला छापलाय. तो सकाळी सातला घ्या. शिकवायला मी येतो.