व्यापारालाही वेळेचे परिमाण हवे



कामातील समाधान आणि जीवनातील समाधान यांचा संबंध, या विषयावर एका कापड व्यापाऱ्याच्या नात्याने चार शब्द मांडतो.

लग्नाचा बस्ता मनासारखा बांधून गिऱ्हाईक हसतमुखाने पायरी उतरते, तेव्हाचा आनंद नफ्याच्या आकड्यात मावत नाही. परंतु तो घरापर्यंत पोहोचतो का? तासगावात बेदाण्याचा पैसा हाती येतो, लग्नसराई सुरू होते आणि रात्री दुकान बंद करून घरी जावे तो मुले झोपलेली असतात. हीच मुले पुढे शिकून म्हणतात, "पुण्यात नोकरी करू, पण दुकान नको." त्यांना व्यापाराचा तिटकारा नसतो, वडिलांच्या वाट्याला आलेल्या जगण्याचा असतो.

आपण विकतो त्या कापडाशीच साप्ताहिक सुट्टीचा इतिहास जोडलेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती बंधनकारक केली. कामगारसंख्येच्या अटीमुळे तीन-चार नोकरांची आपली दुकाने या तरतुदीबाहेर राहतात. तेथे नोकराची सुट्टी मालकाच्या विवेकावर अवलंबून असते. आणि मालकाला तर कोणताच कायदा घरी पाठवीत नाही!

त्यासाठी आपल्याकडे परिग्रह-परिमाण व्रत आहे. संपत्तीला स्वेच्छेने मर्यादा घालणाऱ्याने वेळेलाही ती घालावी. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आपण पाळतो; पण डबा दुकानात मागवला की नियम पाळला जातो आणि घरची पंगत मात्र मोडते.

शेजारचे दुकान उघडे असता आपले बंद कसे ठेवावे, ही अडचण खरी आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्याने नव्हे, सर्व व्यापाऱ्यांनी मिळून घ्यावा. आठवड्यातून एक दिवस सर्वांची दुकाने बंद राहावीत, नोकरांना त्या दिवसाचा पगार मिळावा आणि इतर दिवशी निदान संध्याकाळचे भोजन कुटुंबासह व्हावे. असे घडले, तर मुले दुकानाकडे वेगळ्या नजरेने पाहतील, असा मला विश्वास वाटतो.

जय जिनेंद्र!