चूळ भरा, पण समजून-उमजून

(गणेशोत्सवात इंदूर येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



एकदंताच्या मांडवात दातांवर बोलायचे, म्हणजे आधी बाप्पांची परवानगी घ्यायला हवी! सरकारी औषध-खिडकीवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना नेहमी ऐकू येते, “थंड पाणी दातांना झोंबते, एखादे जोरदार माउथवॉश द्या.” त्या ‘जोरदार’बद्दलच आज बोलू.

दातावर दंतवल्काचे, म्हणजे एनॅमलचे कवच असते. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच, कोलाचाही अडीचच्या आसपास.

कीड वेगळी, झीज वेगळी. साखरेपासून जंतू आम्ल बनवतात, त्याने कीड लागते. झीज होते ती खाण्यापिण्यातल्या किंवा पोटातून वर आलेल्या आम्लाने. तिला जंतू लागत नाहीत. म्हणून गोड न खाणाऱ्याचेही दात झिजतात. कवच घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर राहत नाहीत, त्यामुळे झिजलेले कवच पुन्हा येत नाही.

आपण पडलो इंदूरकर! पोह्यांवर लिंबू, सराफ्यातल्या गराडूवर लिंबू, पाणीपताशांचे आंबट पाणी. हे सोडा असे आम्ही म्हणणार नाही. ऐकणार तरी कोण? लाळ आम्ल शमवते, फक्त तिला वेळ द्या. आंबट पेय घोट-घोट तासभर पुरवणे सर्वांत वाईट. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र लगेच नको. मऊ पडलेला थर घासला जातो. किमान अर्धा तास थांबा. पित्ताची उलटी झाली तर पेलाभर पाण्यात एक लहान चमचा खायचा सोडा घालून चुळा भरा.

आता बाटली. झोंबणे हा औषधाचा गुण नव्हे. क्लोरहेक्सिडीन हिरड्यांसाठी, तेही थोडे दिवस. जास्त वापरल्यास दातांवर डाग पडतात. काही माउथवॉश तर स्वतःच आम्लधर्मी असतात. कवचाला बळ देते ते फ्लोराइड. रोजच्या वापराच्या बाटलीवर सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के असे लिहिलेले असते. झिजेविरुद्ध स्टॅनस फ्लोराइड अधिक उपयोगी ठरते. मिनिटभर खळखळून थुंका, मग अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. ब्रशला लागूनच वापरू नका. पेस्टमधले फ्लोराइड धुतले जाते. दुपारची वेळ चांगली. सहा वर्षांखालील मुलांना देऊ नका, ती गिळतात. धार-झाबुआकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे; तिथल्या नातेवाइकांनी दंतवैद्याला विचारूनच घ्यावे.

माउथवॉश ही ढाल आहे, गेलेले कवच परत आणणारी जादू नव्हे. आमच्या खिडकीवर लोक येतात ते दात झोंबू लागल्यावर, म्हणजे उशिरा. दात पिवळट दिसू लागले, कडा पातळ झाल्या, तर तेव्हाच दंतवैद्याकडे जा. आंबट ढेकरा वारंवार येत असतील, तर पोटाचाही इलाज करा. घरातल्या आजी-आजोबांनी जेवणानंतर चूळ भरायची सवय लावली होती. ती नातवंडांपर्यंत पोहोचवू या.

गणपती बाप्पा मोरया!