सायकलीचे कोळपे आणि बटाट्याची भर

(नाहूर येथे रविवारच्या उपासनेनंतर झालेल्या समर्थकांच्या सभेतील भाषण)



मागच्या वर्षी याच जागी उभे राहून मी तुमच्याकडे जुन्या सायकली मागितल्या होत्या. तेव्हा काहीजण हसले होते, आणि ते मी पाहिले होते. तरीही पुढच्या दोन आठवड्यांत जिन्याखालच्या, गॅलरीतल्या आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गंजत पडलेल्या सायकली तुम्ही आणून दिल्यात. मुले मोठी झाली, नोकरीला लागली, कोणी परदेशी गेली, आणि त्यांच्या सायकली तशाच राहिल्या होत्या. एका आजींनी सायकल देताना तिची घंटी मात्र काढून घेतली. नातवाची आठवण म्हणून. त्या सायकलींचे काय झाले याचा हिशेब आज द्यायला आलो आहे.

आधी बटाट्याविषयी थोडे बोलतो, कारण आपण तो रोज खातो पण त्याला वाढताना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आपल्याकडे हे पीक पोर्तुगिजांबरोबर आले आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. महाराष्ट्रात बटाटा म्हटले की आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार आठवते. तिथे तो पावसाळ्यात घेतात. आम्ही जव्हारच्या पुढच्या पाड्यावर तो भात निघाल्यावर, थंडीत लावून पाहिला. तिथे रात्री गारवा असतो आणि बटाट्याला तो लागतोच. बांधावर माती-सिमेंटच्या गोणी रचून ओहोळ अडवला होता, त्यामुळे जानेवारीपर्यंत पाणी पुरेल अशी आशा होती.

लावणीनंतर साधारण महिन्याने, रोपे वीतभर उंच झाली की त्यांच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी माती चढवावी लागते. याला भर देणे म्हणतात. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखालच्या खोडाच्या फांदीचे फुगलेले टोक. ते वर उघडे पडले आणि त्याला ऊन लागले की ते हिरवे होते, कडू होते आणि त्यात विषारी द्रव्य तयार होते. (घरातही हिरवट बटाटा दिसला तर तो भाजीत ढकलू नका, टाकून द्या.) शिवाय उघड्या बटाट्यावर पाकोळी अंडी घालते आणि अळी आत पोखरत जाते. म्हणजे भर नीट दिली नाही तर तीन महिन्यांच्या मेहनतीचा चांगला हिस्सा खड्ड्यात जातो.

आता ही भर देते कोण? ज्यांच्याकडे बैल आहेत ते अवजार जोडतात. पाड्यावर बैल सगळ्यांकडे नाहीत, आणि असले तरी भाताच्या लहानशा खाचरात जोडी वळवायलाही जागा पुरत नाही. मग बायका कमरेतून वाकून, कुदळीने नाहीतर खुरप्याने, एकेका रोपाला माती ओढतात. दिवसभर. एका बाईने मला सांगितले, भात लावताना वाकायचे, भात कापताना वाकायचे, आणि आता तुमचा बटाटाही वाकूनच. तिचा ‘तुमचा’ हा शब्द मला लागला. बटाटा खरेच आम्ही नेला होता.

सायकलीची कल्पना आमची नाही, हे आधीच सांगून टाकतो. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांना बैलजोडी परवडत नव्हती. त्यांनी सायकलचे पुढचे चाक, हँडल आणि सांगाडा ठेवून मागे कोळप्याची पास जोडली आणि माणसाने ढकलायचे अवजार तयार केले. त्याला त्यांनी ‘कृषीराजा’ नाव दिले. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांच्या कामाची दखल घेतली. आज खानदेश-विदर्भात सायकल कोळपे म्हटले की कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

सायकलीचे आणि शेतीचे नाते आपल्याकडे त्याहूनही जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर 1888 साली बेळगावात धंदा सुरू केला तो सायकलींच्या दुकानाने. त्यातून पुढे कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे मला आमच्या पहिल्या हंगामात वारंवार आठवली.

कारण पहिले अवजार आम्ही मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये केले, आणि ते फसले. दिसायला सुरेख होते. तांबडा रंग दिला होता. मोठे काळे चाक, त्याचा चिमटा, मागे वळवलेले हँडल, आणि खाली इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा फाळ. त्याला दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख होते, म्हणजे सरीतून पुढे गेले की माती डावी-उजवीकडे लोटली जाईल आणि दोन्ही ओळींना एकदमच भर बसेल. वर्कशॉपच्या फरशीवर ते झकास चालले. पाड्यावर नेले, फोटो काढले, प्रार्थना केली आणि परतलो. तीन आठवड्यांनी गेलो तर अवजार आंब्याला टेकून उभे आणि हँडलवर धुतलेली गोधडी वाळत घातलेली.

मला राग आला, हे कबूल करतो. पण त्या बाईने शांतपणे अवजार सरीत आणले आणि म्हणाली, “भाऊ, धरून बघा.” मी धरले. मला ते बरोबर बसत होते. मग तिने धरले. हँडल तिच्या छातीशी येत होते. जोर लावायचा तो कमरेच्या उंचीवरून. छातीपाशी हात धरून ढकलले की फाळ पुढे जाण्याऐवजी नाक खुपसतो आणि चाक उचलते. आम्ही माप घेतले होते ते वर्कशॉपमधल्या साडेपाच फुटी कारागिराचे. ज्यांनी ते चालवायचे त्यांना कुणी उभे करून मापले नव्हते. दुसरी चूक लावणीची. ओळींतले अंतर हातभर ठेवले होते आणि पंख त्याहून रुंद होते, त्यामुळे माती चढण्याऐवजी मुळे तुटत होती.

दुरुस्ती मुंबईत झाली नाही. पाड्यापासून पाच-सहा किलोमीटरवर नाक्याला एक पंक्चरवाला आहे, त्याच्या शेजारी वेल्डिंगचे दुकान. तिथे त्या दोघी बायकांना बरोबर घेऊन गेलो. पंक्चरवाल्याने पहिल्यांदा मोठे चाक काढून टाकले आणि तुम्ही दिलेल्या लहान मुलांच्या सायकलींपैकी एकीचे चाक बसवले. हँडल आपोआप खाली आले. फाळाच्या दांड्याला त्याने एकाखाली एक चार भोके पाडली, म्हणजे बोल्ट हलवून खोली कमी-जास्त करता येते. फाळासाठी ट्रकच्या तुटक्या कमानपाट्याचा तुकडा घेतला, तो झिजत नाही. पंख कापून अरुंद केले. ट्यूब काढून टाकली आणि टायरमध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे ठासून भरले, कारण शेतात पंक्चर काढायला कोण बसणार! फाळाचा कोन मात्र तीनदा बदलावा लागला. जास्त उभा केला तर तो जमिनीत घुसून अडतो, जास्त आडवा केला तर वरवर घसरतो.

वापरायची रीतही बायकांनीच बसवली. सलग ढकलत न्यायचे नाही. एक ढकल, किंचित मागे, पुन्हा ढकल. जड मातीत दुसरीने पुढून दोरी ओढायची. पाणी दिल्यावर लगेच जायचे नाही, वाफसा येऊ द्यायचा, नाहीतर चाकाला चिखलाचे लाडू होतात. जे खाचर एका बाईला वाकून दोन दिवस पुरायचे ते दोघींनी उभ्याने दुपारपर्यंत संपवले. रोपाच्या अगदी बुंध्याशी हाताने थोडी माती सारावीच लागते, ते काम सुटलेले नाही. आणि उताराच्या, दगडाळ वरकस जमिनीत हे अवजार निरुपयोगी आहे. तिथे कुदळच.

यशयाच्या पुस्तकातल्या तलवारींची आणि फाळांची आठवण मला कुणीतरी करून दिली. आमच्याकडे तलवारी नव्हत्या, पण गंजलेले लोखंड भरपूर होते.

या सगळ्याला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. दिवाळीनंतर पाडा रिकामा व्हायला लागतो. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. मुले बरोबर जातात आणि शाळा सुटते. नेमक्या याच दिवसांत बटाट्याची भर येते. घरातला पुरुष भट्टीवर गेला तरी बाईला एकटीने किंवा शेजारणीबरोबर पीक सांभाळता आले, तर मुले घरी राहतात. गेल्या हंगामात दोन घरांत असे झाले. तिसरे घर भर देऊनही गेले, कारण उचल मोठी होती. त्यांचे बटाटे शेजाऱ्यांनी काढले. हेही तुम्हाला कळले पाहिजे.

आपण नाहूरला राहतो. आपल्या नळाला येणारे पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून येते, आणि त्याच्या आधी मोखाडा, वाडा, शहापूर या तालुक्यांतल्या धरणांतून. ते आपल्यापर्यंत पोचते. धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यांत मार्च महिन्यात बायका हंडे घेऊन चालतात. त्या पाण्यापुढे एक गंजकी सायकल म्हणजे फार मोठे दान आहे असे कृपया कुणी समजू नये. मीही समजत नाही.

यंदा पुन्हा सायकली हव्या आहेत, पण नीट ऐकून आणा. लोखंडी सांगाड्याच्याच आणा. अ‍ॅल्युमिनियमची आणू नका, नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याला ती जोडता येत नाही. गिअरची असली तरी चालेल, गिअर आम्ही भंगारात घालतो. लहान मुलांच्या सायकली सर्वांत आधी. चाक वाकडे असेल तर विचारून घ्या. आणि अवजार तयार करून पाठवतो असे कुणी कृपा करून सुचवू नका, जोडणी नाक्यावरच होईल. त्यामुळे पंक्चरवाल्यालाही चार पैसे मिळतात, आणि मोडले तर त्याच्याकडेच नेता येते.

निघताना मी त्या बाईला विचारले, पुढच्या खेपेला काय आणू? मला वाटले दुसरे कोळपे मागेल. ती म्हणाली, “पान्हा आणा. बोल्ट सैल झाला की दर वेळी नाक्यावर जावं लागतं.”

तेव्हा घरात जास्तीचे पान्हे असतील तर तेही आणा. सभागृहाच्या दाराशी पेटी ठेवली आहे.