शाळेतला समेट



कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या शाळा-मंडळाने २०१० साली ठराव केला, की मारामारी करणाऱ्या मुलाला घरी बसवण्याऐवजी झालेले नुकसान भरून काढण्याची रीत शाळांतून आणावी. कोल मिडल स्कूल या तिथल्या शाळेत तो प्रयोग आधीच झाला होता. मुले गोलाकार बसतात. ठरलेली वस्तू ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. पण गोल करून बसवले म्हणजे समेट होत नाही, हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी सांगायला नको!

खरे काम बैठकीच्या आधीचे. संयोजकाने दोघांना वेगवेगळे गाठावे. काय घडले, कोणाला काय सोसावे लागले, आता भरपाई कशी करायची, हे विचारावे. ज्याला मार बसला तो तयार नसेल, तर बैठक घेऊच नये. जबरीने हात मिळवायला लावणे ही दुसरी मारहाणच. मग ठरले ते पाळले जाते का, हे पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे. करार कागदावरच कसे राहतात, ते मी ३० वर्षे पाहतो आहे.

या संयोजकाच्या हाती शिक्षेचा अधिकार देऊ नका. मुले त्याच्यापाशी तोंड उघडणार नाहीत. आणि गैरहजर मास्तरांच्या वर्गावर तर त्याला मुळीच धाडू नका.